तिरनिदादच्या शिमग्याचं लुगडं

महिपती वर्षातले पंधरा दिवस बाई असायचा आणि उरलेलं वर्ष त्या पंधरा दिवसांच्या गोष्टी सांगण्यात घालवायचा. पोलादपुराहून कुडपणच्या डोंगराकडे चढत जाणाऱ्या वाटेवर त्याची वाडी. तिथं शिमग्याला काळकाईची पालखी निघते, पालखीपुढे खेळ्यांचा ताफा नाचतो आणि ताफ्याच्या मधोमध राधा नाचते. राधा म्हणजे नऊवारी लुगडं नेसलेला, नाकात नथ आणि पायांत चाळ घातलेला पुरुष. गेली वीस-बावीस वर्षं तो पुरुष महिपतीच होता. एरवी तो उतारावर नाचणी-वरी पिकवायचा, बैलांशी भांडायचा आणि बायकोशी त्याहून जास्त भांडायचा. पण कमरेला लुगडं आलं की हाच माणूस असा वळायचा, असा मुरकायचा, की वरंधकडच्या पाहुण्या बायका पदर तोंडाला लावून म्हणायच्या, आपल्याला काय हे जमत नाय गो.

हे सुख त्याला फुकट मिळालेलं नव्हतं. दर माघात पोलादपूरच्या न्हाव्याकडे जाऊन मिशी उतरवायची आणि तिथं बसलेल्या सगळ्यांचे टोमणे ऐकायचे. नवा नवा राधा झाला तेव्हा तर त्याला विहिरीवर जायची चोरी झाली होती. त्या दिवसांत त्याला सगळ्यात जास्त कोणी छळलं असेल, तर त्याच्या चुलतभावानं, सहदेवानं. खरं तर राधा होण्यासाठी आधी सहदेवालाच विचारलं होतं. तो धाकटा, गोरा, पायानं हलका. पण त्यानं सरळ नाही म्हटलं. मिशीला पीळ भरून म्हणाला, "मी काय बायल्या हाय?" आणि पुढची दोन वर्षं महिपती दिसला की कमरेवर हात ठेवून चालून दाखवायचा. मग तो मुंबईला गेला, गोदीत लागला, गोदीतून बोटीवर चढला आणि खलाशी झाला. महिपतीनं मनातून सुटकेचा निःश्वास टाकला.

एकसष्ट सालच्या शिमग्याच्या आधीची गोष्ट. मार्गशीर्षात सहदेव रजेवर वाडीत आला. अंगात रेघारेघांचा सदरा, हातावर गोंदवलेला नांगर, बोलण्यात निम्मं हिंदी. देवळाच्या सहाणेवर, म्हणजे जिथं पालखी बसते त्या दगडी ओट्यावर, सगळी वाडी जमली आणि सहदेवानं गोष्ट सांगायला घेतली.

"तिरनिदाद म्हनून एक बेट हाय," तो म्हणाला. "पार दुनियेच्या त्या टोकाला. तिथं बी शिमगा हाय. कार्निवल म्हनत्यात. दोन दिवस लोक सोंगं घेऊन रस्त्यानं नाचत्यात. कुनी राजा, कुनी सैतान, कुनी पाखरू. आनि ढोल कशाचा? तेलाची पिंपं ठोकून केल्याला. पन सूर असा निघतो, की पाय जागेवर ऱ्हात नाय."

"मंग तू नाचलास की नाय?" गावकीतला सगळ्यात वडील माणूस येसाजीबाबा, त्यानं विचारलं.

सहदेवाचा चेहरा उतरला. गेल्या खेपेला तो बोटीवरच्या कपड्यांतच गर्दीत शिरला होता. पण तिथं खलाशाचं सोंग घेणारेच शेकड्यांनी, पांढरेशुभ्र कपडे, सोनेरी बटणं. लोकांना वाटलं, यानंही खलाशाचंच सोंग घेतलंय आणि ते बिचाऱ्याला नीट जमलेलं नाही. एका म्हातारीनं तर त्याच्या गालाला राख फासून म्हटलं, पुढल्या वर्षी जरा मेहनत घे. वाडी पोट धरून हसली. महिपतीही हसला, आणि त्याला फार दिवसांनी बरं वाटलं.

"म्हनून यंदासाठी मी तिथल्या लोकांना शब्द दिलाय," सहदेव म्हणाला. "बोट बरोब्बर त्याच दिवसांत तिथं लागनार. आपल्या गावचं सोंग नेनार. काय नेसू ते तुमी ठरवा."

झालं, वाडीला काम मिळालं. कोणी म्हणालं वाघ हो. सहदेव म्हणाला, तिथं ऊन फार, रंग घामानं उतरेल. कोणी म्हणालं साहेब हो, आपल्याकडं टोपी-कोट आहे. सहदेव म्हणाला, तिथं साहेब खरेच आहेत, सोंग कोण बघणार. संकासुराचा काळा झगा आणि उंच टोपी पुढे आली. ती त्यानं डोक्यावर घालूनही बघितली, पण सैतान तिथं आधीच पुष्कळ. मग तो जरा घुटमळला, आणि महिपतीकडे न बघता म्हणाला, "मला राधा पायजे."

सगळे महिपतीकडे बघायला लागले. महिपतीनं सहदेवाच्या मिशीकडे बघितलं. बायल्या म्हणणारा हाच. कमरेवर हात ठेवून दाखवणारा हाच. आता याला राधा पाहिजे, आणि तीही कुठं, तर जिथं रस्ताभर माणूस लोटतं तिथं. आपण बावीस वर्षं नाचतो ते कोणापुढे? वाडीतले उंबरे, शेजारच्या चार वाड्या आणि पोलादपूरचे टोमणे मारणारे.

"आनि मिशी?" महिपतीनं विचारलं.

"मिशीचं काय, दादा. सकाळी काढीन, म्हयन्यात परत येईल," सहदेव सहज म्हणाला. ते सहजपणच महिपतीला सगळ्यात जास्त लागलं.

येसाजीबाबानं निवाडा दिला. राधेचं हिरवं सुती लुगडं देवीचं. ते महिपतीच्या घरच्या पेटाऱ्यात राहतं आणि पालखीशिवाय शीव ओलांडत नाही. तेव्हा सहदेवानं महाडच्या बाजारातून नवं लुगडं घ्यावं. निवडायला महिपतीनं जावं, कारण राधेला काय लागतं ते त्याच्याएवढं पंचक्रोशीत कोणाला कळत नाही. महिपतीला नाही म्हणायला जागाच उरली नाही.

त्या आठवड्यात त्यानं सहदेवाला नाच शिकवला. खळ्यावर सकाळी गुरं सोडली की दोघे उभे राहायचे. महिपतीला मनातून खात्री होती की बोटीवर डुलत चालणाऱ्याला हे जमणार नाही. जी गिरकी शिकायला महिपतीला दोन शिमगे लागले होते, ती सहदेवानं तिसऱ्या सकाळी मारली. वर हसून म्हणाला, "बोटीवर तोल सांभाळायची सवय, दादा." महिपतीची बायको मैना ओसरीवर सुपात वरी पाखडत होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "भावजींच्या अंगात हाय गो बाय." महिपती त्या दिवशी जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी दोघे एस.टी.नं महाडला गेले. आधी कासाराकडे. कासारानं विचारलं, हात कोणाचा? सहदेवानं आपला केसाळ, नांगर गोंदवलेला हात पुढे केला. कासार महाडचा होता, त्यानं जन्मात बरंच काही बघितलं असणार. त्यानं निमूटपणे हात दाबून बघितला, सगळ्यात मोठ्या मापाच्या हिरव्या बांगड्या भरल्या आणि सवयीनं नमस्कारही केला. नकली ठुशी झाली, नथ झाली, कागदी फुलांची वेणी झाली. प्रत्येक वस्तू सहदेव महिपतीपुढे धरायचा आणि विचारायचा, "ही चालंल, दादा?" आणि महिपती खरं तेच सांगायचा. नथ दाबाचीच घे, नुसती अडकवलेली गिरकीत उडते. चाळ चामड्यावर शिवलेले घे, दोरीचे पाय कापतात. त्याला स्वतःचंच नवल वाटत होतं, की जळत असूनही आपण सगळं बरोबर सांगतोय.

मग ते कापडाच्या दुकानात आले. दुकानदारानं आधी सुती लुगडी काढली. जाड वीण, हिरवा रंग, लाल काठ. महिपतीनं सवयीनं कापड अंगठ्याखाली चोळलं. हेच ते. दोनदा पेजेत बुडवून वाळवलं की अंगाला धरतं, कासोटा मारला की दिवसभर हलत नाही. तेवढ्यात दुकानदारानं वरच्या फळीवरून दुसरं लुगडं खाली सोडलं. डाळिंबी रंगाचं, नव्या नकली रेशमाचं, काठाला रुंद जरीसारखी पट्टी. गादीवर पडलं ते पाण्यासारखं पसरत गेलं. "मुंबईहून नवीनच आलंय," दुकानदार म्हणाला. "लग्नाघरची माणसं हेच मागतात."

सहदेवाचे डोळे त्याच्यावर खिळले. महिपतीनं तेही अंगठ्याखाली चोळलं, आणि त्याला क्षणात कळलं. हे कापड गाठ धरणार नाही. उभं राहिलं तर शोभेल, चाललं तर निभेल, पण गिरकी मारली की कासोटा सुटणार. भर रस्त्यात सुटणार.

"दादा, कुठलं घेऊ?" सहदेवानं विचारलं.

एवढा एकच प्रश्न होता, आणि त्यासाठीच वाडीनं त्याला धाडलं होतं. महिपतीनं दुकानाबाहेर बघितलं. बाहेर एक बैलगाडी अडली होती आणि गाडीवान कोणाला तरी शिव्या देत होता.

"तुला आवडलं ते घे," महिपती म्हणाला.

सहदेवानं डाळिंबी लुगडं घेतलं. आणि मग त्यानं असं काही केलं, की महिपतीला गादीवरून उठवेना. तो दुकानदाराला म्हणाला, "असलंच आनखी एक द्या. आमच्या वयनीला. दादानं एवढं शिकवलं मला." दोन डाळिंबी लुगडी एका कागदात बांधली गेली. ते गाठोडं वाडीपर्यंत महिपतीनंच काखेत धरून आणलं, कारण सहदेवाच्या हातात बांगड्यांची खोकी होती.

मैनेनं ते लुगडं उलगडलं आणि किती तरी वेळ नुसता हात फिरवत बसली. तिच्या अंगाला असं कापड कधी लागलं नव्हतं. संक्रांतीला एकदाच नेसली. चुलीपासून पाण्याच्या घड्यापर्यंत जाते तोवर ते दोनदा सावरावं लागलं, तेव्हा हसून घडी केली आणि ट्रंकेत ठेवलं. तोवर सहदेव निघून गेला होता. जाताना महिपतीच्या पाया पडला होता.

यंदा तिकडचा शिमगा महाशिवरात्रीच्याच सुमाराला येतो, असं सहदेव सांगून गेला होता. तेव्हा शिवरात्रीच्या उपासाला महिपती देवळात बसला तो मनानं तिरनिदादला. त्याच्या डोळ्यांपुढे पिंपं वाजत होती, गर्दी लोटली होती आणि मधोमध डाळिंबी लुगड्यातला सहदेव. आता गिरकी मारील, आता कासोटा सुटेल, आता सगळं बेट हसेल. महिपतीला गुदगुल्या झाल्या. आणि लगेच दुसरा विचार आला. नाहीच सुटला तर? बोटीवर तोल सांभाळायची सवय याला. अंगातच आहे याच्या, मैना म्हणाली होती. सुटला नाही, तर लोक त्याला खांद्यावर घेतील. डाळिंबी राधा सगळ्या जगाला ठाऊक होईल, आणि आपण इथं हिरव्या सुती चिंधीत वाडीच्या कुत्र्यांपुढे नाचणार. चार-पाच दिवसांत त्याची खात्रीच पटली, की सुटला नाही. मत्सराचं असंच असतं, त्याला वाईट बातमी वाटेल तेव्हा तयार करता येते.

होळी पेटली. दुसऱ्या दिवशी पालखी निघायची तेव्हा राधेचा पेटारा उघडायचा. महिपतीनं तो उघडला, हिरवं लुगडं बघितलं आणि झाकण लावलं. मग त्यानं मैनेची ट्रंक उघडली.

मैना दारात उभी होती. "अवो, ते नगा नेसू. ते घसरतंय. मला चार पावलं टाकवत नाय त्याच्यात."

"मला लुगडं नेसायला शिकवतेस?"

"शिकवत नाय. सांगते," मैना म्हणाली. "तुमी भावजींवर जळता, ते सगळ्या वाडीला ठावं हाय. जळा, माजं काय जातंय. पन माजं एकच बरं लुगडं हाय, ते तेवढं ऱ्हाऊ द्या."

तो थांबला नाही. त्याचा हिशेब साधा होता. सहदेवाला या कापडात जमलं असेल, तर आपल्याला का जमू नये? बावीस वर्षं लुगड्यातच गेली. त्यानं गाठ दुहेरी मारली, कासोटा ओढून खोचला आणि बाहेर आला.

आणि वाडी खरंच बघत राहिली. उन्हात ते डाळिंबी रेशीम असं झळकत होतं, की लहान पोरं मागं मागं पळत होती. पहिल्या चार घरांपुढे तो जपून नाचला. ठकूबाई नावाच्या म्हातारीनं ओवाळताना म्हटलं, "राधा यंदा नवरी झालीय." महिपतीच्या मनात आलं, सहदेवाला हे ऐकायला पाहिजे होतं. तिथून पुढे त्याची भीती गेली. सहाणेपाशी पालखी टेकली, ढोल चढला, शेजारच्या वाड्यांची माणसं दाटीनं उभी राहिली आणि राधेच्या मोठ्या गिरकीची वेळ आली. महिपतीनं डोळे मिटले. त्याच्या कानात ढोल नव्हता, पिंपं होती. त्यानं आयुष्यातली सगळ्यात जोराची गिरकी मारली.

कासोटा अर्ध्या गिरकीतच सुटला. उरलेली गिरकी त्यानं पाय गुंतत घेतली आणि थांबला तेव्हा लुगडं त्याच्या पायाशी पडलेलं होतं. वर चोळी, नथ, वेणी आणि खाली खाकी चड्डी. आधी सगळे गप्प झाले, कारण समोर देवी होती. मग कोणीतरी हसलं आणि मग कोणालाच आवरेना. येसाजीबाबानं आपली घोंगडी काढून त्याच्या कमरेभोवती गुंडाळली.

या वाडीची एक रीत आहे. पालखीपुढे राधेचं वस्त्र सुटलं, तर त्यात पाप नाही, दंडही नाही. देवीला ही राधा पुरे झाली, एवढाच त्याचा अर्थ. तिथल्या तिथं राधेच्या मानाचा नारळ दुसऱ्याच्या हातात जातो आणि पेटारा दुसऱ्याच्या घरी. येसाजीबाबानं देवीला गाऱ्हाणं घातलं आणि नारळ झांज वाजवणाऱ्या चांगूला दिला. चांगू नुकतंच लग्न झालेला, भारदस्त मिशीचा गडी. तो महिपतीकडे बघून कसनुसा झाला, पण नारळ त्यानं घेतला. मैनेनं लुगडं गोळा केलं. पायात येऊन काठ हातभर फाटला होता. ती कोणाला काही बोलली नाही, महिपतीला तर महिनाभर नाही.

सहदेव आला तो पावसाळा सरल्यावर. महिपतीला त्याला टाळायचं होतं, पण तो थेट त्याच्याच ओसरीवर येऊन बसला. महिपतीनं तोंडावर हसू आणून विचारलं, "काय, गाजवलास म्हनं शिमगा?"

"कसला गाजवतोय, दादा," सहदेव म्हणाला. "इंजन बिघडलं. बोट मधल्याच बंदरात पडून ऱ्हायली. तिरनिदादला लागलो तवा शिमगा संपून रात उलटली व्हती. त्यांचे उपास लागल्याले, लोक कपाळाला राख लावून चर्चात चालल्याले आनि झाडूवाले रस्त्यावरची कागदी फुलं गोळा करत व्हते. मी बांगड्या भरून तयार बसल्यालो. तशाच उतरवल्या."

सहदेव पुढे म्हणाला, "पन ते लुगडं लबाड निघालं हां. बोटीवर रोज नेसून बघायचो, रोज सुटायचं. शेवटी आमच्या भंडाऱ्यानं, म्हंजी बोटीवरच्या सैपाक्यानं, सेफ्टी पिना मारून दिल्या, मग हालायचं नाव नाय."

महिपतीला बावीस वर्षांत सेफ्टी पिनेचा विचार कधी शिवला नव्हता. राधेला पीन लावायची ही कल्पनाच त्याला अब्रू घालवणारी वाटली असती. म्हणजे बोट वेळेवर पोचली असती, तरी लुगडं सुटलं नसतं. आणि बोट पोचलीच नाही. तिकडे कोणी नाचलंच नव्हतं. ज्याच्यावर जळून त्यानं पेटारा घालवला, तो माणूस तिकडच्या शिमग्याला मधल्याच बंदरात बंद इंजिनाशेजारी बसून होता. मैना आतून चहा घेऊन आली, तिनं दोघांचं बोलणं ऐकलेलं होतं. तिनं महिपतीपुढे कप जरा आपटूनच ठेवला.

महिपतीला वाटलं, आता तरी आपल्या पोटातली आग विझेल. सहदेवावरची विझलीही. दोघे त्या हिवाळ्यात एकत्र शिकारीला गेले, एकत्र जेवले. पण पुढला शिमगा आला आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी चांगू दारात उभा राहिला. मिशी काढलेली, त्यामुळे ओठावरची कातडी पांढरी दिसणारी. हातात देवीचं हिरवं लुगडं.

"दादा, तुमीच नेसवा," चांगू म्हणाला. "मला कासोटा नाय जमत. तुमच्याबिगर कुनाला इचारू?"

महिपतीनं लुगडं हातात घेतलं. कापडाला पेजेचा ओळखीचा वास येत होता. चांगू हात वर करून, पाठ करून विश्वासानं उभा होता. एक वेढा ढिला सोडायचा, बस. कोणाला कळणार नव्हतं. गिरकीला सुटलं असतं, नारळ पुन्हा फिरला असता, आणि कोण जाणे कोणाच्या हातात आला असता. महिपतीच्या मनानं तो वेढा ढिला सोडलाही. पण हातांना ढिलं बांधायची सवय नव्हती. बावीस वर्षांची ओढ घेऊन हात पदर, निऱ्या, कासोटा एकेक घट्ट करत गेले, आणि महिपती ते हात दुसऱ्या कोणाचे असावेत तसा बघत राहिला.

पालखी निघाली. चांगू नाचला, आणि चांगला नाचला. ठकूबाईनं त्याला ओवाळलं. सहाणेवर त्यानं मोठी गिरकी मारली तेव्हा गर्दीतून वाहवा उठली. महिपती गर्दीत पुढेच उभा होता. पहिल्या घरापासून सहाणेपर्यंत त्यानं त्या कासोट्यावरची नजर काढली नव्हती. तो सुटावा म्हणून त्यानं देवीला मनातल्या मनात साकडंही घातलं. पण तो सुटणार नाही, हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या त्यालाच पक्कं ठाऊक होतं, कारण तो त्यानं स्वतः मारलेला होता.